आधी मांजरेचा हिशेब

पावसाळा लागला की लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब या पट्ट्यातल्या माणसाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: धरण किती टक्के? सकाळी पेपरात आकडा, दुपारी व्हॉट्सॲपवर आकडा, संध्याकाळी पारावर त्याच आकड्याची चर्चा. धनेगावचं मांजरा धरण मृतसाठ्याच्या वर आलं की जीव भांड्यात पडतो. दारं उघडली की लोक लेकराबाळांसह बघायला जातात. 2016 चा उन्हाळा ज्यानं काढला, त्याला ही घालमेल वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पण या एका आकड्यात आपण अख्खी नदी बसवून टाकली आहे. धरणाच्या वर किती पाणी अडलं, धरणाच्या खाली किती सुटलं, काठच्या मोटारींनी किती उपसलं, उसाला किती गेलं, शहराला आणि एमआयडीसीला किती गेलं, याचा एका जागी मांडलेला आणि गावातल्या माणसाला वाचता येईल असा हिशेब कुठंच बघायला मिळत नाही. तो नसताना आपण दर निवडणुकीत बाहेरून पाणी मागतो, आणि पुढारीही ते द्यायचं कबूल करून मोकळे होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. उजनीचं असो, कोकणाचं असो, कुठलंही पाणी मांजरेच्या खोऱ्यात आणण्याआधी मांजरेच्या स्वतःच्या पाण्याचा हिशेब खोऱ्यातल्या लोकांसमोर आला पाहिजे. ऊस, कारखाना, वाळू आणि बंधारा या चारही गोष्टींचे निर्णय त्या हिशेबाला बांधले पाहिजेत.

मांजरा निघते बालाघाटाच्या माथ्यावरून, पाटोदा तालुक्यातल्या गवळवाडीच्या परिसरातून. हा पाटोद्याचा माथा मोठा विलक्षण आहे. इथूनच बिंदुसरा आणि सिंदफणा उत्तरेला उतरून गोदावरीकडं जातात. सौताड्याच्या कड्यावरून उडी घेणारी विंचरणा सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. मांजरा मात्र पूर्वेची वाट धरते. एकाच तालुक्यातल्या माळांवर पडलेला पाऊस असा कृष्णा आणि गोदावरी या दोन खोऱ्यांत वाटला जातो. पुढं बाहेरच्या पाण्याची गोष्ट निघेल तेव्हा ही विभागणी कामाला येणार आहे.

उगमाकडं पाऊस तसा कमीच, लातूर-निलंग्याकडं जरा बरा. वाटेत तावरजा, घरणी येऊन मिळतात. औराद शहाजानीजवळ तेरणा मिळते. मग मांजरा बीदर जिल्ह्यात शिरते, तिथून तेलंगणात जाते, संगारेड्डीच्या बाजूला उत्तरेकडं वळते आणि मोठा वळसा घालून पुन्हा नांदेड जिल्ह्याच्या कडेला, देगलूर-बिलोलीच्या शिवाराला शिवते. कंदकुर्तीला ती गोदावरीत जाते. उगमापासून तिथवर 724 किलोमीटर.

यातला बराच प्रवास ती हद्द म्हणून करते. एका काठाला केज तर दुसऱ्या काठाला कळंब, पुढं एका काठाला अंबाजोगाई तर दुसऱ्या काठाला लातूर. अगदी शेवटी नांदेड आणि तेलंगणा यांच्या मधूनही तीच वाहते. नकाशावर ही गोष्ट निरुपद्रवी दिसते. काठावर राहणाऱ्याला तिचा अर्थ कळतो. वाळूच्या खड्ड्याचा पंचनामा करायला या काठचे तलाठी आले की खड्डा त्या काठच्या हद्दीत निघतो, आणि त्या काठचे आले की या काठच्या. धरणाची भिंत बीड जिल्ह्यात, फुगवट्याखाली जमिनी गेल्या त्या बीड आणि धाराशिवच्या शेतकऱ्यांच्या, आणि त्यावर तहान भागते ती लातूर शहराची. प्रत्येक जिल्ह्याच्या नियोजनात मांजरेचा एकेक काठ आहे. दोन्ही काठ धरून तिच्याकडं बघणारं कुणी नाही.

कायद्यात याची सोय नाही असं म्हणता येणार नाही. 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात नदीखोरे अभिकरणाची, म्हणजे अख्ख्या खोऱ्याचं पाणी बघणाऱ्या यंत्रणेची, तरतूद आहे. पण व्यवहारात धरणं बांधण्यासाठी स्थापन झालेली पाटबंधारे महामंडळंच अभिकरणं ठरली. गोदावरीचं मराठवाड्यातलं सगळं खोरं एका महामंडळाकडं. बांधकाम करणाऱ्या यंत्रणेला बांधलेलं दिसतं: धरण, कालवा, बंधारा. दोन बंधाऱ्यांच्या मधली नदी तिच्या कागदात येत नाही.

या खोऱ्याला जुना इतिहास आहे. तेरणेच्या काठचं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या जोडीनं तगरचं नाव येतं, आणि इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असे हेही तिथंच कळतं. याच तेरमध्ये गोरोबाकाकांनी मडकी घडवली, त्यांची समाधी तेरणेकाठीच आहे. तेव्हाही दुष्काळ पडत होते, माणसं देशोधडीला लागत होती. तो काळ सोन्याचा होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण कापूस, ज्वारी, करडई, तूर, जवस ही पिकं या नदीच्या अंगानं वाढली होती. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर रब्बी निघायची आणि नदीकडून फार काही मागायची नाही.

मांजरेच्या पाण्यावर उसाचं मोठं अर्थकारण पहिल्यांदा उभं राहिलं ते आपल्याकडं नाही, खाली. निजामसागर 1923 ते 1931 या काळात मांजरेवर बांधला गेला, आणि त्याच्या कालव्यांच्या भरवशावर बोधनला साखर कारखाना निघाला. तेव्हा वरचं खोरंही निजामाच्या त्याच राज्यात होतं, पण त्याच्या वाट्याला असं काही आलं नाही. पुढं 1965 पासून हैदराबाद शहर मांजरेचं पाणी पिऊ लागलं, नंतर सिंगूरचं धरण झालं. 1980 च्या निवाड्यात गोदावरी पाणीतंटा लवादानं मांजरेच्या पाण्यातल्या तीन राज्यांच्या वाट्याची चौकट ठरवून दिली. आपलं धनेगावचं धरण त्याच सुमाराचं. एकूण साठा 224 दशलक्ष घनमीटर, उपयुक्त 177 च्या आसपास. बांधलं सिंचनासाठी, पण तुटीच्या वर्षी कालव्याला पाणी सोडायचा विषयच निघत नाही. सगळं पिण्यासाठी राखून ठेवावं लागतं. तेवढंही पुरत नाही तेव्हा काय होतं ते सगळ्या देशानं पाहिलं.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला 25 लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. या गाडीचे फोटो जगभर गेले, पण त्या गाडीनं एक मापही आपल्या हाती दिलं, आणि ते आपण वापरलं नाही. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर कोटी लिटर, म्हणजे अशा 400 खेपा. उसाच्या एका हेक्टरला वर्षभरात साधारण दोन मीटर उंचीचं पाणी लागतं. हेक्टरी दोन कोटी लिटर झालं. 50 वाघिणींच्या आठ गाड्या. त्यातून पावसाचा वाटा वजा करा, ठिबकची बचत धरा, तरी चार-पाच गाड्या राहतात. एका हेक्टरला! आणि ज्या हंगामाच्या शेवटी ही रेल्वे आली, त्या हंगामातही मराठवाड्यातले कारखाने गाळप करत होते.

हे वाचून कुणी शेतकऱ्याकडं बोट दाखवणार असेल तर त्यानं आधी काठावर येऊन बोलावं. कळंबच्या बाजूचा एक ऊसवाला शेतकरी मला म्हणाला, "दादा, उसाला नावं ठेवणं सोपंय. सोयाबीन काढून अडतीवर नेलं की ओल जास्त म्हणून भाव पाडतेत. तुरीला रोग. ऊस निदान कारखान्यात तरी जातो, पैसे उशिरा का व्हईना पर खात्यावर येतेत." त्याच्या बोलण्यात चूक काढता येत नाही. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि लातूरसारख्या मोठ्या बाजारपेठेतही माल त्याच्या खाली जात होता. डाळींच्या व्यापारात लातूरचं नाव देशभर आहे, तिथल्याच शेतकऱ्याला तूर-सोयाबीनचा भरवसा वाटत नाही. कायद्यानं ठरलेला दर आणि ठरलेलं गिऱ्हाईक एकट्या उसालाच आहे. तेव्हा नुसती ऊसबंदी करून भागणार नाही. 2019 मध्ये विभागीय आयुक्तालयाकडून तसा अहवाल सरकारकडं गेला होता; त्यावर चार दिवस आरडाओरडा झाला आणि विषय संपला. तूर, सोयाबीन, करडईची खरेदी उसाइतकी खात्रीची झाल्याशिवाय उसाचं क्षेत्र कमी होणार नाही, आणि ती खात्री देणं सरकारच्या हातात आहे.

सरकारच्या हातात दुसरीही एक गोष्ट आहे. नवा साखर कारखाना काढायचा तर महाराष्ट्रात दोन कारखान्यांमधलं हवाई अंतर 25 किलोमीटर लागतं. कारखान्याच्या पट्ट्यात पाणी किती आहे, नदी तुटीची आहे की नाही, याला त्या अंतरात जागा नाही. 1999 मध्ये माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या जल व सिंचन आयोगानं तुटीच्या उपखोऱ्यांत जास्त पाणी पिणारी पिकं टाळावीत असं सांगून ठेवलं होतं. आयोगाचं ऐकायचं नव्हतं तर तसं उघड सांगायला हवं होतं. तसं कुणी म्हणालं नाही, आणि कारखाने मात्र वाढत गेले.

आता वाळू. याबद्दल मी जास्त बोलणार आहे, कारण पाण्याच्या चर्चेत वाळूचं नाव येतं ते फक्त गुन्ह्याच्या बातमीत.

मांजरेचं खोरं काळ्या पाषाणाचं. पाणी मुरायला जागा मिळते ती वरच्या मुरमात आणि फुटक्या खडकात, त्याखाली दगड दाद देत नाही. अशा नदीत पाणी धरून ठेवायचं काम पात्रातली वाळू करते. काठच्या गावांत ज्यांचं वय आज पन्नाशी-साठीच्या पुढं आहे, त्या सगळ्यांनी हे बघितलंय. चैत्र-वैशाखात वरची धार आटायची, पण वाळूच्या पोटातून पाणी सरकत असायचं. पात्रात बसून हातानं वाळू उकरायची. कोपरभर खाली गेलं की खळग्याचा तळ ओला, मग गढूळ पाणी. ते वाटीनं उपसून बाजूला टाकायचं, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी नितळ पाणी चढायला लागायचं. कडा ढासळू नये म्हणून झिऱ्याभोवती बाया दगड लावायच्या. एक बाई वाटीवाटीनं घागर भरायची आणि तिची भरेपर्यंत दुसरी काठावर थांबायची. कितीही उपसलं तरी थोड्या वेळानं झिरा पुन्हा तेवढाच भरायचा. गावाच्या नळयोजनेची विहीरही पात्राच्या कडेलाच घेतलेली असायची, ती या वाळूच्या भरवशावर. पात्रात टरबूज-खरबुजाचे वेल लावून भूमिहीन माणसं चार पैसे कमवायची. या पाण्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नव्हती, त्यामुळं ते गेलं तेव्हा त्याची तूटही कुणी लिहून ठेवली नाही.

ते गेलं टिपरमधून, हायवातून. आज जागोजागी पात्रात उघडा खडक, मधे पोकलेननं काढलेले खड्डे, खड्ड्यांत हिरवट पाणी, काठाला बेशरम आणि वेड्या बाभळी. महसूल खात्याच्या लेखी वाळू हे गौण खनिज आहे. तिचा लिलाव होतो, ब्रासवर हिशेब होतो, दंड होतो. 2023 मध्ये 600 रुपये ब्रासनं वाळू देण्याचं धोरण आलं तेव्हा सगळी चर्चा झाली ती घर बांधणाऱ्याला वाळू स्वस्त कशी मिळेल याची. एक ब्रास वाळू उचलली की किती पाण्याची जागा गेली, हे कुणी विचारलं नाही. घरकुलवाल्याला वाळू हवी हे खरं, पण आता दगडापासून केलेली वाळू बाजारात आहे आणि सरकारी बांधकामांत ती पूर्णपणे सक्तीची करणं अवघड नाही. धनेगावच्या वर, जिथं नदी आधीच बारीक आहे, तिथला वाळूचा एकही लिलाव निघता कामा नये, असं मी म्हणेन. तिथल्या पात्राला निदान काही पावसाळे तरी आपली वाळू आपल्यापाशी साठवू द्या.

रेल्वेच्या त्याच वर्षी लातूरकरांनी लोकवर्गणी काढून साई ते नागझरी असं 18 किलोमीटर पात्र रुंद आणि खोल केलं. डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, पेन्शनर, सगळ्यांनी खिशात हात घातला. शहरानं नदीसाठी एकत्र यावं ही लहानसहान गोष्ट नव्हती, त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यानंतर मराठवाड्यात खोलीकरण हाच नदीवरचा सगळा उपाय होऊन बसला, आणि ते धोक्याचं आहे. पात्र खोल केलं की डोह मोठा होतो. डोह मोठा दिसला की काठावर नव्या मोटारी बसतात, नवा ऊस लागतो. साठवायची जागा वाढली आणि उपशावर काहीच बंधन आलं नाही, तर मार्च-एप्रिलमध्ये आपण पुन्हा होतो तिथंच. शिवाय खोदलेली माती काठावरच टाकली तर दोन पावसाळ्यांत ती परत पात्रात येते.

बंधाऱ्यांचंही तसंच. जुन्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या जागी साई, नागझरी, शिवणी, खुलगापूर असे उंच दरवाज्यांचे बॅरेज झाले. उन्हाळ्यात त्यांनी कितीतरी गावांना आधार दिला, ते नाकारता येणार नाही. पण ओळीनं बॅरेज असलेल्या नदीत वरच्या धरणाची दारं कधी उघडणार आणि खालच्या बॅरेजची कधी, हे एकमेकांना धरून ठरावं लागतं. सप्टेंबर 2021 मध्ये धरणाची अठराही दारं उघडावी लागली आणि काठचं सोयाबीन कितीतरी दिवस पाण्याखाली राहिलं. 2025 च्या पावसाळ्यात त्याहून वाईट झालं. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या पुरात माणसं दगावली, सप्टेंबरमध्ये मांजरा, तेरणा, सिंदफणा, सीना सगळ्याच नद्या शेतात शिरल्या आणि काठच्या जमिनी खरडून गेल्या. वरची काळी माती वाहून गेली आणि खाली नुसते दगड उरले, अशा रानात उभं राहून शेतकरी पंचनाम्याची वाट बघत होते. एका वर्षी रेल्वेनं पाणी येतं आणि दुसऱ्या वर्षी पाणी घरात येतं, आणि या दोन्ही वेळी नदीची चौकशी मात्र टक्केवारीतच होते.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे. मराठवाड्याचा अनुशेष आधी भरा, मग आम्हाला हिशेब शिकवा. पश्चिम महाराष्ट्रानं पन्नास वर्षं उसावर राज्य केलं, तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आमची वेळ आली की पर्यावरण आठवतं. या बोलण्यातली चीड खरी आहे. 1984 च्या दांडेकर समितीनं सिंचनाचा अनुशेष आकड्यांत दाखवून दिला होता आणि त्यानंतरही मराठवाड्याच्या वाट्याला बरीच आश्वासनंच आली. मी मराठवाड्याच्या हक्काच्या पाण्याविरुद्ध एक अक्षरही लिहिणार नाही. पण ज्या पाण्यावर आपण हक्क सांगतो ते कुठल्या खोऱ्याचं, हे तरी धड सांगितलं पाहिजे. कृष्णा-मराठवाडा योजनेच्या 23.66 टीएमसीचा आकडा लातूरच्या सभांतही टाळ्या घेतो. पण ती योजना मुळात धाराशिव जिल्ह्याच्या आणि बीडमधल्या आष्टीच्या कृष्णा खोऱ्यातल्या भागासाठी आहे, त्या पाटोद्याच्या माथ्यावरून सीनेच्या बाजूला उतरणाऱ्या शिवारासाठी. लातूर गोदावरी खोऱ्यात. हा भेद न सांगता लातूरकराला कृष्णेची आस लावणं म्हणजे त्याची फसवणूक आहे. उद्या उजनीची पाइपलाइन खरोखर आलीच, तरी ती पिण्यापुरती असेल. ती आली म्हणून पिण्याचं म्हणून राखलेलं मांजरेचं पाणी उसाला मोकळं झालं, तर खोऱ्याच्या पदरात काय पडलं? लवादापुढं, शासनापुढं, शेजारच्या राज्यापुढं पाणी मागायला जायचं तर आपल्या नदीचं पाणी आपण कसं वापरतो याचा कागद आपल्या हातात पाहिजे. तो असेल तर आपली मागणी बळकटच होईल.

आणि हा हिशेब मांडायला नवं खातं, नवी समिती काही लागत नाही. धरणाची आवक-जावक पाटबंधारेच्या कार्यालयात रोज लिहिली जाते. बॅरेजमधला साठा लिहिला जातो. काठच्या कृषिपंपांची जोडणी महावितरणकडं आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते. उसाचं तर विचारूच नका. कारखान्याच्या शेतकी खात्याकडं गटनंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, आडसाली की खोडवा, सगळं नोंदलेलं असतं, कारण त्याशिवाय तोडीचा कार्यक्रम लागत नाही. कुणाच्या रानात किती ऊस उभा आहे हे कारखान्याच्या चिटबॉयला तोंडपाठ असतं. हे सगळे कागद एका टेबलावर आणायचे आहेत, एवढंच.

पावसाळा सरल्यावर 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर पाणीवाटप ठरतं. त्याच आठवड्यात मांजरेच्या दोन्ही काठांच्या ग्रामसभांत हा हिशेब वाचला जावा: धरणात किती, बॅरेजमध्ये किती, विहिरींत किती, पिण्याला किती राखलं, नदीत वाहतं ठेवायला किती राखलं आणि उसाची नोंद किती हेक्टर. राखलेलं वजा जाता जेवढं उरेल तेवढ्याच क्षेत्राची पुढच्या हंगामाची नोंद कारखान्यांनी घ्यावी, आणि ती नोंद केज-कळंब अशी तालुक्याच्या हद्दीनं न पाडता सगळ्या खोऱ्याची एकच असावी. बीड, धाराशिव, लातूर आणि नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्यावर एकत्र सही करावी. यंदाचा ऑक्टोबर त्यासाठी लांब नाही. ग्रामसभेत हा विषय घ्यायला सात दिवस आधीची नोटीस पुरते, आणि विषय मांडायला गावातला कुठलाही मतदार उभा राहू शकतो.